भावाचा अंडकोषाचा कॅन्सर पोटात आणि फुफ्फुसात पसरलाय, आता किमो करून फायदा आहे का?

आहे. मी स्वतः त्यातून गेलोय. गावात कोणी "पसरला म्हणजे लास्ट स्टेज" म्हणत असेल तर मनावर घेऊ नका. या कॅन्सरची मोजणी तिसऱ्या स्टेजवरच संपते, चौथी नसतेच. आणि तिसरीतलेही पुष्कळ पोट्टे पूर्ण बरे होतात. सायकलवाल्या लान्स आर्मस्ट्राँगचा १९९६ मध्ये मेंदूपर्यंत गेला होता (त्याच्या डोपिंगचं सोडा).

मी २३ वर्षांचा होतो, आर्वीकडे आमची पऱ्हाटी. फवारणीचा पंप वाहून कंबर धरली असेल, असं घरी सगळेच म्हणत. दुखत होत्या त्या पोटात मागच्या बाजूला वाढलेल्या गाठी. खालची गोळी (अंडकोष) गोट्यासारखी टणक झाली होती, पण ती दुखत नव्हती, मग सांगायचं काहून? एका डॉक्टरनं "पाणी झालं" म्हणून दोन महिने औषधं दिली.

नागपुरात सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि रक्तात एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारे घटक) तपासलं. गोळी जांघेत चीर देऊन काढतात. खालून सुई टोचून तुकडा कोणाला घेऊ देऊ नका. मग बीईपी नावाची तीन औषधांची किमो: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन. २१ दिवसांची एक सायकल, अशा तीन किंवा चार. पहिले पाच दिवस किमोसोबत सलाईनच्या बाटल्याच बाटल्या, किडनी जपायला. बाबा प्लास्टिकच्या मगात लघवी मोजून वहीत लिहायचे, दुधाचा हिशोब ठेवायच्या त्याच वहीत.

"कापूस विकला की पुढची सायकल घेऊ" हे नको. तारीख चुकली की औषधाचा जोर कमी पडतो. महात्मा फुले योजनेत बसतं का ते पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. घरी आल्यावर ताप आला तर गावातल्या इंजेक्शनवर न थांबता रात्रीच दवाखाना गाठा. कोरडा खोकला किंवा दम लागला तर लगेच सांगा, ब्लिओमायसिन फुफ्फुसाला लागतं. किमोनंतर पोटात गाठ उरली तर ऑपरेशन लागू शकतं, त्याला घाबरू नका.

आणि एक काम पहिल्या किमोच्या आधीच करा: वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मला बाबांसमोर तोंड उघडवलं नाही, शेवटी नर्सताईंनीच त्यांना चहा आणायला पाठवलं. भावाशी तुम्ही एकट्यानं बोला, आईसमोर तो काही बोलणार नाही.