रविवारनंतरचे सहा दिवस

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की रविवारी उपासनेत गाताना डोळे भरून येतात, देव अगदी जवळ आहे असं वाटतं, आणि सोमवारी कामाला जुंपून घेतलं की सगळं विरून जातं. प्रार्थनेला बसावं तर मन दहा दिशांना धावतं आणि काहीच जाणवत नाही. शेवटी तू विचारलंस, "देव माझ्यावर प्रेम करतो हे मला तोंडपाठ आहे, पण ते खरं का वाटत नाही?" आणि हे विचारायला लाज वाटली असंही लिहिलंस. लाज कसली? शास्त्रातल्या ज्या माणसांची नावं आपण आदराने घेतो, त्यांतल्या कितीतरी जणांनी हाच प्रश्न देवाला तोंडावर विचारला आहे.

बाकी सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगते. देव जवळ असणं वेगळं आणि तो जवळ आहे असं वाटणं वेगळं. त्याचं जवळ असणं त्याच्या वचनावर टिकून आहे. आपलं वाटणं मात्र झोप किती झाली, तब्येत कशी आहे, सकाळी कोण काय बोललं, यावर खालीवर होतं. याकोब घरातून पळाला, उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला आणि जागा झाल्यावर म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते कळलंच नव्हतं. कळायच्या आधीही परमेश्वर तिथे होताच. रविवारी येतात ते तुझे अश्रू खरे आहेत, त्यांच्यावर संशय घेऊ नकोस. देवाने दिलेलं दान म्हणून घे, आभार मान. फक्त ते आले नाहीत म्हणून देव निघून गेला असा हिशेब मांडू नकोस.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण या दिवसांत ती परत वाच. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा अठरावा आणि एकोणिसावा अध्याय एका बैठकीत वाच, कारण आपण बहुतेक वेळा कर्मेल डोंगरावरच्या अग्नीपाशीच थांबतो. ज्याच्या प्रार्थनेला स्वर्गातून अग्नी उतरला, तोच माणूस ईजबेल राणीच्या एका धमकीने जीव घेऊन पळतो, रानातल्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. अशा माणसाला देव काय म्हणाला असता असं आपल्याला वाटतं? तुझा विश्वास कुठे गेला, कालचा चमत्कार विसरलास का, असंच ना? त्यातलं काहीच झालं नाही. देवाने त्याला झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, आणि सांगितलं की वाट मोठी आहे, तुला झेपायची नाही. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद स्वर, हे सगळं पुढे येतं. आधी झोप आणि भाकर.

मला या अध्यायाने फार धीर दिला आहे. थकलेल्या माणसाला देव ओळखतो, आणि थकव्याला तो अविश्वास म्हणत नाही. म्हणून तुझं पत्र वाचताना पहिलं मनात आलं ते हे की तू नीट झोपतेस का? वेळेवर जेवतेस का? रात्री उशिरापर्यंत हातात मोबाईल असेल आणि सकाळी पाच मिनिटं डोळे चोळत वचन वाचायचं असेल, तर मन कोरडंच राहणार.

आता प्रेमाविषयी. तुझ्या पत्रातली एक ओळ मला खटकली. मुलाखत चांगली झाली तेव्हा वाटलं देवाचं माझ्याकडे लक्ष आहे, आणि निकाल आला तेव्हा वाटलं तो रागावला आहे, असं तू लिहिलंस. बाळा, ही सवय सोड. दिवस कसा गेला त्यावरून देवाचं मन वाचायचं म्हटलं तर रोज नवा देव भेटेल. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र हेच करत होते, त्याच्या दुःखावरून त्याचं पाप ठरवत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावर. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशूने तो हिशेबच धुडकावून लावला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा राहिला, आणि "माझी कृपा तुला पुरेशी आहे" हे उत्तर मिळालं. या माणसावर देवाचं प्रेम कमी होतं असं म्हणायला कोणाची जीभ धजावेल?

देवाचं प्रेम पाहायचं ते वधस्तंभाकडे पाहावं. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं पौल रोमकरांस लिहितो. आपण सुधारल्यावर नाही, आपली प्रार्थना मन लावून व्हायला लागल्यावर नाही. ते घडून गेलं आहे, तुझ्या सोमवारने ते मागे घेतलं जात नाही. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट पाठ कर, पण आधी त्यातली यादी नीट बघ. क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. हे आपल्या वाट्याला येणार नाही असं पौल कुठेच म्हणत नाही. यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकणार नाही, असं तो म्हणतो. काही उपदेशक यातला दुसरा अर्धा भाग तेवढा सांगतात आणि ऐकणाऱ्या तरुण मुलांना पहिल्याच दुःखात वाटतं की आपलंच काही चुकलं. ते ऐकून मला वाईट वाटतं.

पाप झालं की तू प्रार्थना टाळतेस, हेही तू प्रामाणिकपणे लिहिलंस. चार दिवस जाऊ द्यावेत, जरा बरं वागावं आणि मग देवापुढे जावं, असं वाटतं. आदामानेही झाडाआड लपून पाहिलं. आणि पेत्र? प्रभूला तीनदा नाकारून तो परत मासे धरायला गेला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून उभा आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. "या, न्याहारी करा" असं तो म्हणतो. प्रश्न विचारले ते खाणं झाल्यावर, आणि तेही प्रेमाचे. म्हणून पापांगीकाराला मुहूर्त शोधू नकोस. ज्या क्षणी टोचलं त्याच क्षणी, कामाच्या जागी बसल्या बसल्या, मनातल्या मनात बोल.

रोजच्या दिवसात त्याचं सान्निध्य कसं धरायचं, हा तुझा खरा प्रश्न. मोठमोठे संकल्प करू नकोस. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायची असं ठरवशील, आठवड्याभरात मोडेल आणि मग दोषी वाटत राहील. त्यापेक्षा दिवसात मध्येमध्ये देवाकडे वळायला शीक. पारसाच्या राजा अर्तहशश्ताने आपल्या प्यालेबरदार नहेम्याला विचारलं, तुला काय हवं? त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये नहेम्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. डोळे मिटायला वेळ नव्हता, समोर राजा होता. शब्द किती असतील? दोन, चार? पण तो महिनोन्‌महिने उपास करून प्रार्थना करत आला होता, म्हणून त्या क्षणी ओठांवर प्रार्थना आली. तुझंही असंच व्हावं. कोणाला फोन लावण्याआधी, वरिष्ठांनी बोलावलं की उठताना, रागाचा मेसेज पाठवण्याआधी, "प्रभू, तू आहेस" एवढं म्हण. सकाळी वचनासाठी पंधरा मिनिटं मात्र नक्की ठेव, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. एकच छोटा उतारा घे, आणि त्यातली एक ओळ दिवसभर बरोबर ने.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक होता. आधी सैन्यात होता, तिथे जखमी झाला. मठात त्याला स्वयंपाकघर मिळालं, आणि त्या कामाची त्याला मुळात नावड होती. भांड्यांच्या गडबडीतही तो देवाशी बोलायला शिकला, एवढंच लोक सांगतात. पण पहिली दहा वर्षं त्याची फार तळमळीत गेली, आपण देवाला नकोसे आहोत असं त्याला वाटत राहिलं, हेही त्याने सांगून ठेवलं आहे. आणि मदर तेरेसा. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खाजगी पत्रं छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती. त्या पहाटे प्रार्थनेला बसत राहिल्या आणि मरणाऱ्यांची सेवा करत राहिल्या. तुझ्याही वाट्याला इतका काळ यावा असं मी म्हणत नाही, आणि येऊ नये अशी प्रार्थना करते. पण कोरडेपण म्हणजे ढोंग नव्हे, हे या दोघांकडून शिकण्यासारखं आहे.

माझ्याकडचंही थोडं सांगते. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा शेवटचे महिने ते अंथरुणावर होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, हळूच वळवायचं, पाठीमागे उशी लावायची, चादरीची सुरकुती ताणून काढायची. कधी ते कण्हत, कधी माझ्यावर चिडत. रात्री दोनला, चारला मला प्रार्थना सुचत नसे. म्हणून मी १२१ व्या स्तोत्रातलं एकेक वचन म्हणत असे, कूस बदलून होईपर्यंत. तुझा रक्षणकर्ता झोपत नाही, डुलकी घेत नाही. म्हणताना मला दिव्य असं काही वाटलं नाही, झोपच येत असे. एका रात्री मी गप्पच राहिले, तर वडिलांनी अडखळत, जड जिभेने ते वचन सुरू केलं आणि पुढचं मी म्हणावं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं. पुढच्या दोन तासांना पुरेल एवढं बळ मला तेव्हा मिळत होतं, त्याहून जास्त नाही. पण पुढच्या दोन तासांनी ते पुन्हा मिळे.

देवाशी बोलताना सजवून बोलू नकोस. "हे परमेश्वरा, कोठवर तू मला विसरणार?" ही दाविदाची तक्रार आपल्या स्तोत्रसंहितेत आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कसला दिलासाही नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं. त्या गाणाऱ्याने अंधाराची तक्रार कोणाकडे केली ते बघ. देवाकडेच. राग आला असेल तर रागाने बोल, पण त्याच्याशी बोल.

आणि १३१ वं स्तोत्र जवळ ठेव. तीनच वचनांचं आहे. दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा माझा जीव आहे, असं त्यात म्हटलंय. अंगावर पिणारं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी, मिळेपर्यंत रडतं, धडपडतं. दूध तुटलेलं मूल येतं आणि नुसतं मांडीवर बसतं. दूध तोडण्याचे दिवस मुलाला फार कठीण जातात, आईने आपल्याला टाकलं असंच त्याला वाटत असेल. तुझी सध्याची कोरडी प्रार्थना कदाचित त्याच दिवसांतली असेल. मी ठामपणे सांगू शकत नाही, पण तुझं पत्र वाचताना मला सारखं हेच स्तोत्र आठवत होतं.

एकटी राहू नकोस. मंडळीत जाणं सोडू नकोस, गाणं आतून येत नसेल तर इतरांचं ऐकत उभी राहा. प्रभुभोजनाला ये. तिथे तुला काही जाणवून दाखवायचं नसतं, हात पुढे करून घ्यायचं असतं. मंडळीतली एखादी वडीलधारी बहीण निवड आणि मला लिहिलंस ते तिला समोर बसून सांग. कोणी आजारपणात डबा आणून दिला, कोणी न विचारता शेजारी बसलं, तर ते देवाच्या प्रेमाहून वेगळं काही आहे असं समजू नकोस. तूही कोणासाठी तरी तसं कर. स्वतःच्या मनाचं तापमान सारखं मोजत बसण्यापेक्षा त्याने जास्त बरं वाटतं.

आणखी एक, हे नीट वाच. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास कमी ठरत नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. जाताना कोणाला तरी बरोबर घे, आणि मला कळव.

पुढच्या पत्रात एवढंच लिही की झोप कशी आहे, आणि कोणाशी बोललीस. सकाळच्या पंधरा मिनिटांसाठी स्तोत्रांपासून सुरुवात कर, आधी १२१, मग १३१, मग १३. मीही याच क्रमाने वाचते आहे.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी