जीपच्या मागच्या ॲक्सल हाऊसिंगला चीर गेली आहे, वेल्डिंग करून चालेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप, आधीच्या मालकाने पाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलच्या वर घेऊन उंच केलेली, टायर मोठे, रिम बाहेर आलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूला पाट्याच्या सीटजवळ (पाटा ॲक्सलवर टेकतो त्या बैठकीजवळ) हाऊसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, नळीला आडवी चीर आहे आणि तिथून तेल झिरपतंय. वेल्डिंगवाला म्हणतो, काही खोलू नका, खालून दोन रॉड मारून देतो.

वेल्डिंग होतं आणि नीट केलं तर टिकतंही. मी फॅब्रिकेशनवालाच आहे, त्यामुळे वेल्डिंगला नाही म्हणून माझंच नुकसान. पण ‘खालून दोन रॉड’ या प्रकाराला मात्र साफ नाही म्हणा. आत तेल आहे, सील आहेत, बेअरिंग आहेत. चिरेत मुरलेलं तेल तापलं की वेल्डिंगच्या टाक्यात बुडबुडे धरतात. वेल्डिंग मशीनचा अर्थ (करंट परत नेणारी वायर) लांब कुठेतरी चॅसीला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो. बाजूने ब्रेकची नळी जाते ती वेगळीच.

त्याआधी एक बघा, ही चीर आली कुठून? ॲक्सल म्हणजे दोन चाकांवर टेकलेली तुळई. गाडीचं वजन पाट्यांच्या सीटवर खाली दाबतं, जमीन चाकांना वर ढकलते. म्हणून दोन सीटच्या मधल्या नळीचा खालचा भाग कायम ताणात असतो आणि वरचा दाबात. सीटपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर वाढलं की हा ताण त्याच प्रमाणात वाढतो. समजा ते २०० मिमी होतं आणि रिममुळे टायर ५० मिमी बाहेर गेला, तर त्याच वजनाला सीटपाशी ताण २५ टक्के जास्त. त्यात टायरचं वजन आणि दगडावरचे आपटे धरलेलेच नाहीत.

आता गाडीखाली जा आणि नळीची खालची बाजू वायर ब्रशने चकचकीत करा. विलीजच्या (मूळ अमेरिकन जीपच्या) घराण्यातल्या या जीपांना पाटे मुळात ॲक्सलच्या खाली असायचे, म्हणजे मूळ सीटही खाली. पाटे वर घेताना ती जुनी सीट बऱ्याचदा गॅसने कापून काढतात. कापताना ज्योत नळीला जरा चाटून जाते आणि एक खाच राहते, बोटाने चाचपली तर लागते. नेमकी ताणाच्या बाजूला. पैजेवर सांगत नाही, पण तुमची चीर अशाच खाचेतून किंवा नव्या सीटच्या टाक्याच्या टोकातून सुरू झाली असावी. जोडीला पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले आहेत का, आपटा झेलणारं बंप स्टॉपचं रबर जागेवर आहे का, तेही बघा. सीट हलत असेल तर तुम्ही कितीही सुंदर टाका मारा, शेजारी नवी चीर येणार.

दुसरी गोष्ट, नळी सरळ आहे का? चीर गेलेलं हाऊसिंग पुष्कळदा वाकलेलंही असतं. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये हवा सारखी भरा आणि मागच्या रिमच्या वरच्या कडेशी ओळंबा धरा. रिमची वरची कड आत गेलेली दिसली तर नळीची टोकं वर उचलली गेली आहेत. मग मागची बाजू जॅकवर घ्या, चाक फिरवत टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढा आणि दोन्ही टायरमधल्या रेघांचं अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी सरळ करणं, मग वेल्डिंग. वाकलेल्या नळीत शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही मरतात आणि दोष मात्र बिचाऱ्या बेअरिंगवर येतो.

तिसरं, धातू कोणता? या ॲक्सलचा मधला गोळा (ज्यात क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकं असतात) बिडाचा ओतीव आणि त्यात दाबून बसवलेल्या नळ्या पोलादी असतात. (जिप्सीचं हाऊसिंग दाबलेल्या पत्र्याचं, तिथे ही भानगड नाही.) तुमची चीर सीटजवळ आहे, म्हणजे नळीत, म्हणजे पोलादात. तरी कानस मारून बघा: बिडाची भुकटी पडते, पोलादाचा कीस निघतो. ग्राइंडरवर पोलादाच्या ठिणग्या लांब आणि उजळ, बिडाच्या आखूड आणि लालसर. चीर नळी आणि गोळ्याच्या सांध्यात असती तर निकेलचा रॉड लागला असता, ५५ टक्के निकेलवाला, इंच-इंचाचे टाके, प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकत. ते काम रोज बीड जोडणाऱ्याकडेच द्यावं. आणि चीर पिनियनच्या किंवा क्राउनच्या बेअरिंगच्या घरात असती तर मी वेल्डिंगचा विषयच काढला नसता.

आता काम. हाऊसिंग गाडीतून बाहेर काढा, पूर्ण रिकामं करा, डिझेलने धुवा, मग डिटर्जंटच्या पाण्याने. चिरेची खरी टोकं डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी डीपी टेस्टचे (रंग मुरवून चीर दाखवणाऱ्या चाचणीचे) तीन डबे आणा: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रंग लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा फवारा मारा. पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते आणि ती तुमच्या अंदाजापेक्षा लांब निघते. तिच्या टोकांच्या जरासं पुढे ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच पार मुळापर्यंत. गॅसच्या ज्योतीने शेकलं की मुरलेलं तेल धूर होऊन निघतं. धूर थांबेपर्यंत शेका आणि पुन्हा साफ करा. या पायरीला कुणीही कंटाळतो.

वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा. सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आडोशात तारेने केलेलं) चांगलं येत असेल तर तेही चालेल. पण ७०१८ उघड्या पुड्यातला नको, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. हा रॉड दमट झाला की टाक्यात हायड्रोजन जातो आणि टाका दिसायला सुरेख, आतून तडकलेला. एक तर सीलबंद पुडा फोडा किंवा ३००-३५० अंशांवर तासभर भाजून घ्या. घरातला ओव्हन तेवढा तापत नाही, मोठ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे रॉडची भट्टी असते. नळी हाताला सहन होणार नाही इतकी, साधारण १०० ते १५० अंश, आधी तापवा. बेअरिंगच्या जागांमधून लेथवर फिरवलेला सरळ बार घालून ठेवा, म्हणजे नळी सरळ राहते. दोन-तीन सेंटीमीटर टाका, मग समोरच्या बाजूला तेवढाच. एकाच बाजूने ओढत गेलात तर नळी त्या बाजूला खेचली जाणार. झालं की कोरड्या राखेत किंवा वाळूत सावकाश गार होऊ द्या. पाणी ओतणाऱ्या माणसाला गॅरेजबाहेर उभं करा.

टाक्यावरून जोडपट्टी लागेलच. पट्टी नळीच्या भिंतीइतक्याच जाडीची, वळवून नीट बसवलेली, टोकं निमुळती. टाके नळीच्या लांबीने मारा, निमुळत्या टोकाशी आडवा टाका नको. चौकोनी पट्टीचा आडवा टाका म्हणजे पुढच्या चिरेला दिलेलं आमंत्रण. नळीच्या वरच्या बाजूला ट्रस (आधाराचा सांगाडा) घालायची फॅशन आहे, ताठपणाला ती उपयोगी आहे, पण तुमची चीर खालून असेल तर पट्टी खालीच हवी, दगडाला घासली तरी. जुन्या सीटची खाच मात्र आधी भरून, घासून गुळगुळीत करा.

परत बसवताना ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) फुंकून बघा. तो तुंबला की तेल सीलमधून येतं आणि लोक चीर शोधत बसतात. सील नवे, नव्वद नंबरचं गिअर तेल, आणि शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

नळी जास्त वाकली असेल तर जुनं हाऊसिंग बघणं स्वस्त पडेल. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात विचारा. रुंदी आणि पाट्यांमधलं अंतर मोजून जा, आणि क्राउन-पिनियनसकट घेणार असाल तर दातांचं प्रमाण पुढच्या ॲक्सलशी जुळतंय का ते मोजा, नाहीतर फोर बाय फोर लावताच गाडी स्वतःशीच भांडेल.

तोवर गाडी हलवू नका म्हणणार नाही, पण रिकामी, सपाट रस्त्यावर, गॅरेजपर्यंतच. घाट नको. खालच्या बाजूचा साफ केल्यानंतरचा एक फोटो टाका, चीर सीटच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या ते त्यात दिसायला हवं. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या बाजूला असेल तर पट्टीची लांबी बदलेल, ती सांगतो.