जर्मनीतल्या तालुका कोर्टाच्या नावात ‘कचेरी’ कशी आली?

प्रश्न असा आहे : ‘जर्मनीत सगळ्यात खालच्या कोर्टाला आम्ट्सगेरिश्ट म्हणतात. आम्ट म्हणजे सरकारी कचेरी आणि गेरिश्ट म्हणजे कोर्ट. मग हे कचेरीचं कोर्ट आहे का? तिथे न्यायखातं सरकारपासून वेगळं नाही का?’

आज ते पूर्ण वेगळं आहे. एके काळी नव्हतं, आणि हे नाव त्या काळातलं आहे. मी हानोवरजवळ राहतो. इथे फ्लॅट घेतल्यावर काही आठवड्यांनी घरी आम्ट्सगेरिश्टचं पाकीट आलं. कोर्टाचं पाकीट म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाच्या पोटात जे होतं तेच माझ्याही झालं. उघडून पाहिलं तर आपल्या भाषेत सांगायचं तर फेरफार नोंद होती. जमिनीच्या मालकीचं पुस्तक इथे तलाठ्याकडे नसतं, कोर्टात असतं. कचेरी आणि कोर्ट यांची ही गुंतागुंत काय आहे, ते तेव्हापासून मी शोधत गेलो. उत्तर बरंचसं याच भागात सापडलं, म्हणजे 1866 मध्ये नकाशावरून पुसल्या गेलेल्या हानोवरच्या राज्यात.

हे राज्य म्हणजे आजच्या लोअर सॅक्सनीचा मोठा भाग. 1714 ते 1837 इंग्लंडचा राजा हाच इथलाही धनी होता. पानिपत झालं तेव्हा लंडनच्या गादीवर असलेला तिसरा जॉर्ज हानोवरचाही मालक होता, पण त्याने जन्मात इथे पाऊल टाकलं नाही. राज्य चालायचं ते आम्टांवर. आम्ट म्हणजे दहा-वीस गावांचा, कधी त्याहून मोठा टापू, आणि त्यावर आम्टमान नावाचा अधिकारी. राजाच्या जमिनीचा खंड वसूल करणं, शेतकऱ्यांकडून वेठ करून घेणं, रस्ते-पूल आणि चोरचिलटांचा बंदोबस्त पाहणं ही त्याची कामं. गावकऱ्यांचे दावे पहिल्यांदा ऐकायचे तेही त्यानेच. मोठ्या गुन्ह्यात तो फक्त तपास करायचा, निकाल वरून यायचा. बाकी सगळं एका छपराखाली. आपल्या जुन्या मामलेदाराची आठवण येईल, आणि ती चुकीची नाही. शेताची वाट कुणी अडवली तर आपल्याकडे आजही 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज तहसीलदाराकडेच जातो.

यातली गोम उघड आहे. वेठीचे दिवस किती, यावरून शेतकऱ्याचं कचेरीशी वाजलं तर पहिली दाद मागायची कुणाकडे? ज्याच्याशी वाजलं त्याच्याकडेच. 1711 मध्ये त्सेले गावात राज्याचं सर्वोच्च अपील कोर्ट निघालं होतं आणि त्याचा दबदबाही होता. पण सगळं कामकाज कागदोपत्री आणि बंद दाराआड चालायचं. तिथवर पोचायला पैसा लागायचा, आणि आयुष्यही जरा लांब असावं लागायचं.

शिवाय सगळी गावं राजाच्या आम्टात नव्हती. शहरांची स्वतःची कोर्टं होती आणि कित्येक सरदार घराण्यांना आपापल्या गावांत न्याय करायचा वंशपरंपरागत हक्क होता. म्हणजे न्यायाधीश खाजगी नोकर! ग्योटिंगनजवळच्या आल्टेनग्लायखन इथे उस्लार घराण्याचं असं कोर्ट होतं. 1772 पासून तिथे न्यायाधीश होता गोटफ्रीड आउगुस्ट ब्युर्गर, जर्मन भाषेतला मोठा बॅलडकार, म्हणजे कथाकाव्यं लिहिणारा कवी. कायदा शिकलेला, पण जीव कवितेत. घराण्याच्या शाखांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे मालक एक नाही, अनेक, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. 1781 मध्ये एका तरुण मोलकरणीवर स्वतःचं तान्हं मूल मारल्याचा आरोप आला आणि तिची जबानी घ्यायचं काम ब्युर्गरवर पडलं. त्याच सुमारास त्याने याच विषयावर एक बॅलड लिहिलं, तेही त्या मुलीच्या बाजूने झुकणारं. दिवसा जबानी लिहून घ्यायची आणि रात्री कविता. दप्तर तुंबत गेलं, मालकांपैकी एकाने वर तक्रार केली, चौकशी झाली आणि 1784 मध्ये त्याने नोकरी सोडली. मला त्याची दया येते, पण ज्यांचे दावे त्या दप्तरात अडकले होते त्यांची जास्त येते.

मध्ये नेपोलियन येऊन गेला. 1807 मध्ये त्याने भाऊ जेरोमसाठी वेस्टफालिया नावाचं राज्य उभं केलं आणि हानोवरचा दक्षिण भाग त्यात टाकला. सरदारांची कोर्टं गेली, फ्रेंच धर्तीचे शांतता न्यायाधीश, म्हणजे छोटे दावे ऐकणारे न्यायाधीश, आले, खटले उघड्यावर चालू लागले. 1813 मध्ये फ्रेंच गेले आणि जुने धनी परतले, तेव्हा त्यांनी जुनी घडी पुन्हा बसवली. पण लोकांनी दुसरी पद्धत डोळ्यांनी पाहिली होती. प्रशिया या शेजारच्या बलाढ्य जर्मन राज्याच्या ऱ्हाइन प्रांतात तर ती फ्रेंच कोर्टं लोकांनी हट्टाने 1879 पर्यंत टिकवली.

हानोवरमध्ये गाडी हलली ती 1848 च्या क्रांतीने. ओस्नाब्र्युकचा वकील योहान कार्ल बेर्टराम श्ट्युफे मंत्री झाला आणि न्याय व कारभार वेगळे करण्याचं वचन घटनेतच घातलं गेलं. नोव्हेंबर 1850 मध्ये कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1852 पासून तो अमलात आला. तेव्हा न्यायमंत्री होता लुडविग विंटहोर्स्ट, पुढे जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याला संसदेत सळो की पळो करून सोडणारा. सरदारांची कोर्टं कायमची बंद झाली. आम्टाचे दोन तुकडे झाले : खंड, रस्ते, बंदोबस्त कारभाराच्या आम्टाकडे राहिले आणि दावे नव्या स्वतंत्र कोर्टाकडे गेले. हे कोर्ट आम्टाच्या हद्दीपुरतं, म्हणून त्याचं नाव आम्ट्सगेरिश्ट. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपण ‘तालुका कोर्ट’ म्हणतो तेव्हा तालुका हा कोर्टाचा मालक नसतो, फक्त हद्द असते. तसंच हे.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच जास्त धाडसाची. किरकोळ गुन्ह्यांचे खटले एकट्या न्यायाधीशाने चालवायचे नाहीत. त्याच्या शेजारी गावातली दोन साधी माणसं, त्यांना शोफन म्हणतात, बरोबरीने बसणार आणि निकालात मतही देणार. आजही जर्मनीच्या आम्ट्सगेरिश्टात मधल्या वजनाचे फौजदारी खटले असेच चालतात.

1855 मध्ये आंधळा राजा पाचवा जॉर्ज याने 1848 ची घटना रद्द केली. कोर्टं मात्र टिकली, 1859 मध्ये काही छोटी कोर्टं एकमेकांत मिसळली तेवढंच. 1866 मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध झालं, त्यात राजाने ऑस्ट्रियाची बाजू घेतली. लांगेनझाल्त्साची लढाई त्याच्या सैन्याने जिंकली आणि दोनच दिवसांनी शरणागती पत्करली. हानोवर प्रशियाचा एक प्रांत झाला.

पुढचं मला सगळ्यात गमतीचं वाटतं. प्रशियाची स्वतःची खालची कोर्टं वेगळ्या नावाची आणि घडणीची होती. 1849 मध्ये सरदारांची कोर्टं मोडून त्यांनी ‘क्राइसगेरिश्ट’, म्हणजे जिल्हा कोर्टं केली होती. जिंकलेल्या मुलखावर तीच लादली जातील असं वाटेल. पण हानोवरमध्ये त्यांनी आहे ते चालू ठेवलं, आणि 1867 मध्ये हेसेन, नासाऊ, श्लेस्विग-होलश्टाइन या नव्या प्रांतांतही आम्ट्सगेरिश्टं काढली. त्याच वर्षाअखेर प्रशियाचा न्यायमंत्री झाला आडोल्फ लेओनहार्ट, हानोवरचा शेवटचा न्यायमंत्री. हरलेल्या राज्याचा मंत्री जिंकलेल्या राज्यात त्याच खात्यावर! हानोवरचा 1850 चा दिवाणी प्रक्रियेचा कायदा त्याच्याच हातचा होता. प्रशियाच्या नेतृत्वाखाली एक झालेल्या जर्मन साम्राज्याचे न्यायविषयक कायदे त्याच्या देखरेखीखाली तयार झाले आणि 1 ऑक्टोबर 1879 पासून, हानोवरच्या कोर्टांना बरोबर सत्तावीस वर्षं झाली त्या दिवशी, सगळ्या जर्मनीत खालचं कोर्ट आम्ट्सगेरिश्ट झालं. खुद्द प्रशियाची क्राइसगेरिश्टं बंद पडली.

सुरुवातीला या कोर्टाची मर्यादा 300 मार्कांच्या दाव्यांपर्यंत होती. काही भांडणं रक्कम कितीही असली तरी इथेच यायची : प्रवासी आणि खानावळवाला यांचं, रानडुकरांनी पीक तुडवल्याचं. हे दोन्ही प्रकार त्या कायद्यात आजही आहेत. आणि जमिनीचं पुस्तक? प्रशियाने 1872 च्या कायद्याने ते कोर्टाकडे दिलं, लगेच हानोवरलाही तो लागू झाला, आणि म्हणून माझ्या घरी ते पाकीट आलं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, वेगळं आहे का, याला एक काळा अपवाद सांगायलाच हवा. 1934 पासून नाझींनी आम्ट्सगेरिश्टांना जोडून ‘आनुवंशिक आरोग्य’ कोर्टं काढली. आम्ट्सगेरिश्टचा न्यायाधीश अध्यक्ष, सोबत दोन डॉक्टर, त्यातला एक सरकारी. सक्तीच्या नसबंदीचा अर्ज करायचा अधिकार सरकारी डॉक्टरलाही होता. अर्ज करणाऱ्याने स्वतः निकालाला बसायचं नाही एवढीच अट, त्याच्याऐवजी दुसरा सरकारी डॉक्टर बसायचा. कामकाज बंद दाराआड. 1945 पर्यंत साडेतीन ते चार लाख माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. 1852 मध्ये वेगळी केलेली कचेरी पुन्हा न्यायासनावर येऊन बसली होती.

कधी हॅम्बुर्गला आलात तर दक्षिणेला विन्सेन गावात उतरा. लुहे नदीकाठी पाण्याच्या खंदकातला जुना वाडा आहे. आम्टमानाची कचेरी तिथेच होती. आज त्या वाड्यात आम्ट्सगेरिश्ट भरतं.