'राख आढळली नाही' असे लिहिण्यापूर्वी नळीचा तळ तपासा

उत्तर जर्मनीतील तळ्याच्या गाळात साक्सुनारवात्न नावाची प्राचीन ज्वालामुखीय राख शोधताना, २.५ घनतेच्या द्रवावर तरंगून आलेल्या भागात राखेतील काचेचा एकही सूक्ष्म कण (काचकण) सापडला नाही, तर 'ही राख येथे पोहोचलीच नाही' असे प्रबंधात लिहावे का, हा आपला प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीची माझी अवस्था डोळ्यांसमोर उभी राहिली. कृपया इतक्यात तसे लिहू नका.

गाळ चाळणे, सेंद्रिय द्रव्य काढणे, सूक्ष्मदर्शकाखाली काच ओळखणे हे आपल्याला येत असणारच. अडचण घनतेत आहे. आपण वापरलेली पद्धत मुख्यतः रायोलाइटी, म्हणजे सिलिका जास्त आणि लोह कमी असलेल्या, काचेसाठी बसवलेली आहे. ती काच सहसा २.५ हून हलकी असते, म्हणून वर येते. साक्सुनारवात्नची राख मात्र आइसलँडच्या ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीची, म्हणजे बेसाल्टी, सिलिका कमी आणि लोह जास्त असलेली. तिचे कण जड असल्यामुळे क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार यांच्यासोबत तळाशी बसतात. आपण तपासलेल्या भागात ते मिळण्याची शक्यता मुळातच फार कमी होती.

मी नेमकी येथेच चुकले. माझ्या तळ्यातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, म्हणजे गाभ्यात, याच राखेच्या अपेक्षित पातळीच्या खाली, सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीच्या थरात, वेड्डे या दुसऱ्या आइसलँडी राखेचे रायोलाइटी कण मला भरपूर मिळाले होते, आणि त्या यशामुळे पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास बसला. प्रयोगशाळेच्या लेखी कार्यपद्धतीत 'बुडालेला भाग टाकून द्यावा' असे एक वाक्य होते आणि दर आठवड्याच्या शेवटी नळ्या धुतल्या जात. तो भाग ठेवता येईल का, असे मी एकदा विचारले, तेव्हा जागा नाही आणि तशी प्रथाही नाही, असे उत्तर मिळाले. कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. परिसंवादात मी 'राख अनुपस्थित' असे सांगितले, आणि एका सहकाऱ्याने ते आपल्या नकाशात घेतले. चूक उमगली तेव्हा त्या खोलीचा उरलेला गाळ परागकण आणि डायटम (सूक्ष्म शैवाल) यांच्या नमुन्यांत संपून गेला होता. पुढच्या हिवाळ्यात तळे गोठेपर्यंत थांबून नवा गाभा काढावा लागला, आणि त्याच्या बुडालेल्या भागात अपेक्षित पातळीवरच तपकिरी काचकण दिसले. त्या प्रयोगशाळेवरचा माझा राग अजून गेलेला नाही, परंतु चार डब्या विकत घेऊन तो गाळ स्वतःजवळ ठेवणे माझ्या हातात होते, हेही तितकेच खरे.

बुडालेला भाग नुसता डोळ्यांनी तपासणे जिकिरीचे असते. चुंबकीय विलगीकरणाची सोय असेल तर ती अवश्य वापरा. बेसाल्टी काचेत लोह बरेच असल्याने ती क्वार्ट्‌झपासून वेगळी काढता येते. कण मिळाल्यावर मायक्रोप्रोबचे (एकेका कणाची रासायनिक घडण मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे १०० टक्क्यांवर समायोजित केलेल्या स्वरूपात मुळीच स्वीकारू नका. मूळ बेरजा आणि त्याच दिवशी मोजलेल्या ज्ञात काचेचे आकडे मागून घ्या, आणि ते देण्यास नकार मिळाला तर काम दुसरीकडे न्या, असे माझे ठाम मत आहे. टायटॅनियम ऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास असेल तर ग्रिम्सव्होत्नचा विचार करता येतो, ४.५ टक्क्यांच्या जवळ गेले तर आइसलँडच्याच कात्ला ज्वालामुखीची शक्यता आधी तपासा.

तरीही त्या थराला लगेच '१०,३०० वर्षे' असे एकच वय चिकटवू नका. या नावाखाली ग्रिम्सव्होत्नचे, काही शतकांत झालेले, एकाहून अधिक उद्रेक येतात आणि त्यांची काच जवळजवळ सारखीच असते. आपल्याकडे कुकडीकाठच्या बोरी येथील राख ७५ हजार वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, हा वाद लांबला, त्यामागेही इंडोनेशियातील तोबा ज्वालामुखीच्या निरनिराळ्या उद्रेकांच्या काचेतील साम्य हे एक कारण होते.

माझा अनुभव दोनच तळ्यांचा आहे आणि पीटच्या (दलदलीत साचलेल्या अर्धकुजक्या वनस्पतींच्या) नमुन्यांबाबत मी काही सांगू शकत नाही, त्यामुळे आपल्या मार्गदर्शकांशी बोलूनच पुढचा निर्णय घ्या. मात्र नळ्यांच्या तळाशी अजून काही शिल्लक असेल, तर त्यांवर खोली लिहून, झाकणे लावून त्या आजच बाजूला ठेवा, आणि नळ्या धुणाऱ्या व्यक्तीला तसे स्वतः जाऊन सांगा.