येशू यहूदी होता, तर ख्रिस्ती लोकांनी यहूद्यांचा द्वेष का केला?

तुमचा प्रश्न असा की येशू यहूदी (म्हणजे ज्यू), त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी. मग ख्रिस्ती समाजाने शतकानुशतकं यहूद्यांना छळलं कसं, आणि आज ख्रिस्ती लोक त्यांच्याकडे कसे पाहतात? मी जन्माने ख्रिस्ती आहे, काही वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलंही आहे. तेव्हा घरातलाच माणूस म्हणून सांगतो.

लहानपणी मला वाटायचं की येशू 'ख्रिस्ती' होता. गुड फ्रायडेच्या नाटकात काळे डगले घातलेले 'यहूदी' मुठी उगारून ओरडायचे, "त्याला वधस्तंभावर खिळा!" त्याच रंगमंचावर रडत उभी असलेली मरियाही यहूदीच आहे, हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांच्याही ते डोक्यात नसावं.

खरं तर शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, उघडली की हे पानोपानी दिसतं. आठव्या दिवशी येशूची सुंता झाली. शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात (त्यांच्या प्रार्थनामंदिरात) जाणं हा त्याचा परिपाठ होता. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा आम्ही त्याच्या नावावर लावतो, पण तो ती यहूदी धर्मग्रंथातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातून सांगत होता. वधस्तंभावरची त्याची हाक, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ही त्याच ग्रंथातल्या 22व्या स्तोत्राची पहिली ओळ. मरतानाही त्याच्या ओठांवर यहूद्यांचंच प्रार्थनापुस्तक होतं.

आणखी एक गंमत बघा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 15. यरुशलेमेत येशूच्या अनुयायांची जी पहिली मोठी सभा भरली, तिथे 'यहूदी माणसाने येशूला मानावं का' हा वादच नव्हता. वाद होता तो यहूदी नसलेल्यांना सुंतेशिवाय आत घ्यायचं की नाही याचा! म्हणजे पाहुणे आम्ही होतो.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते, भावकीतल्या भांडणातले शब्द परक्यांच्या हाती पडले तिथे. येशू परुश्यांवर (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी गटावर) कडाडतो, पण यशया आणि यिर्मया या संदेष्ट्यांनीही आपल्याच लोकांना तितकंच झोडपलं होतं. घरातलं माणूस घरातल्याला बोलतं ते वेगळं. मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, यहूदी नसलेले बहुसंख्य झाले आणि तीच वाक्यं बाहेरच्याने दिलेला निवाडा बनली. मत्तय 27:25 मधली जमावाची आरोळी, "त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो", एका अख्ख्या लोकसमूहावर कायमची चिकटवली गेली. वधस्तंभ ही रोमी शिक्षा, हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा, पण दोष यहूद्यांचा.

सुरुवातीचा प्रेषित पौल हा स्वतः यहूदी. त्याला हा धोका आधीच दिसला होता. रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात तो परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांना बजावतो की तुम्ही रानटी जैतुनाची (ऑलिव्हची) कलम केलेली फांदी आहात. मुळाने तुम्हाला धरून ठेवलंय, तुम्ही मुळाला नाही. फांदीने ऐकलं नाही.

अंत्युखिया या प्राचीन शहरात योहान क्रिसोस्तोम या नामांकित धर्मोपदेशकाने 386-387 मध्ये यहूद्यांविरुद्ध जहाल प्रवचनं दिली. का? तर त्याच्या मंडळीतली माणसं यहूद्यांच्या सणांना आवडीने सभास्थानात जात होती! बाकांवर शेजार नांदत होता आणि व्यासपीठावरून तो तोडला जात होता. पुढची यादी लांबलचक आहे: 1096 मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या यहूद्यांच्या कत्तली, 1215 मध्ये वेगळा पेहराव सक्तीचा, 1290 मध्ये इंग्लंडमधून आणि 1492 मध्ये स्पेनमधून हकालपट्टी.

मी स्वतः प्रोटेस्टंट आहे, त्यामुळे मला सर्वांत जास्त बोचतो तो आमच्या पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर. 1523 मध्ये त्याने येशू जन्माने यहूदी होता हे ठासून लिहिलं आणि यहूद्यांशी मायेने वागा म्हटलं. त्यामागे आशा ही की ते ख्रिस्ती होतील. झाले नाहीत. 1543 मध्ये तोच माणूस त्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा असं लिहून मोकळा झाला. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत सभास्थानं खरोखरच जळाली, तेव्हा थुरिंगियाच्या मार्टिन सासे या बिशपाने ल्यूथरचे उतारे छापून आनंद व्यक्त केला. नाझींचा वंशद्वेष आणि चर्चचा जुना द्वेष एकच नव्हेत, मान्य. पण जमीन कुणी नांगरून ठेवली होती हे नाकारता येत नाही.

शहाणपण आलं ते नाझींनी केलेल्या यहूद्यांच्या संहारानंतर. ज्यूल्स इझाक या फ्रेंच यहूदी इतिहासकाराची बायको आणि मुलगी आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. 1960 मध्ये तो पोप जॉन तेविसावे यांना भेटला आणि ख्रिस्ती शिकवणीतली ही तिरस्काराची परंपरा तपासा, अशी मागणी केली. 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकनच्या परिषदेने 2221 विरुद्ध 88 मतांनी जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही. इतकं साधं वाक्य, आणि त्याला इतकी शतकं लागली. 1994 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन चर्चनेही ल्यूथरचं ते लिखाण नाकारलं.

आज एकमत आहे असं समजू नका. काहींच्या मते देवाची प्रजा म्हणून चर्चने इस्राएलची, म्हणजे यहूद्यांची, जागा घेतली; काहींच्या मते देवाने यहूद्यांशी केलेला करार अजून कायम आहे. काही जण तर यहूद्यांवर अतोनात प्रेम करतात, पण ते जगाच्या अंताबद्दलच्या भविष्यवाणीच्या पटावरची सोंगटी म्हणून. अशा प्रेमाचं मला जरा भयच वाटतं. हौसेने वल्हांडण या यहूदी सणाचं जेवण मांडणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांबद्दलही माझं मन साशंक आहे. आजचा तो विधी सन 70 मध्ये यरुशलेमेतलं यहूद्यांचं मंदिर पडल्यानंतर घडत गेला. येशूच्या ताटासमोर तो तसा नव्हता. शेजाऱ्याने बोलावलं तर जरूर जावं, पण त्याचा सण उचलून आणू नये.

स्वतः वाचायचं असेल तर रोमकरांस पत्राचे 9 ते 11 अध्याय एका बैठकीत वाचा. आपल्याच लोकांसाठी पौल किती तळमळतो ते दिसेल. युक्तिवाद करत करत शेवटी तोही देवाचे मार्ग अगम्य आहेत म्हणतो आणि स्तुती करून थांबतो.