झिजलेल्या आसावर पहिल्यांदा कानस चालवणाऱ्यास

गळीत हंगामाआधी सांगली भागात ऊसगाड्यांची चाके उतरवली जातात, त्यामुळे आपण शिकण्यास योग्य वेळ निवडली आहे. आरंभी आटे पाडण्याचा महागडा डायसंच घेऊ नका. बारीक दातांची चपटी कानस, बिघडलेले आटे नीट करण्याची आट्यांची कानस आणि जाडी मोजण्याचा कॅलिपर पुरेसे आहेत.

बैलगाडीचा आस स्थिर राहतो आणि चाक त्याभोवती फिरते, म्हणून साध्या बुशाच्या (चाकाच्या तुंब्यात बसवलेल्या धातूच्या नळीच्या) गाडीत भाराने आसाची खालची बाजू अधिक झिजते. नवशिके मात्र सगळीकडे सारखेच घासतात आणि चांगले लोखंडही घालवतात. आधी रॉकेलने वंगण धुऊन एकाच जागी उभे आणि आडवे माप घ्यावे. कानशीने उठलेली कड व ओरखडे तेवढे काढता येतात, झीज भरून येत नाही. दाब पुढे ढकलतानाच द्यावा आणि मागे आणताना कानस उचलावी, अन्यथा दात लवकर बोथट होतात.

टायरगाडी असल्यास बेअरिंग बसते त्या जागेला कानस लावूच नये. आट्यांची दिशाही तपासा, कारण काही आसांना डाव्या बाजूस उलटे आटे असतात. वेल्डिंगचा भराव आणि लेथकाम तूर्त राहू द्या. नट हाताने सहज फिरत गेला, तरच पाना लावावा.