मधुमेही मांजराला दाणे द्यावेत की पाउच?

मांजराला मधुमेह झाल्याचं कळलं की घरचे आधी इन्सुलिनच्या सुईला घाबरतात आणि मग खाण्यापाशी अडतात. या वेळी खाण्याबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमचा बोका नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन साडेसात किलो. नुकताच मधुमेह निघाला. लहानपणापासून कोरडे दाणेच खातो. डॉक्टर वेट फूड (पाउच किंवा डब्यातलं ओलं खाणं) द्या म्हणतात. खरंच एवढा फरक पडतो? (ठाणे)

उत्तर : पडतो. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट (स्टार्च) पचवणारं अमायलेज जवळजवळ नसतं. जेवणानंतर रक्तात चढलेली साखर यकृतात झटकन ओढून घेणारं ग्लुकोकायनेज हे विकरही (एन्झाइमही) त्याच्यात फार कमी काम करतं. शिवाय त्याचं यकृत प्रथिनांपासून दिवसभर साखर बनवतच असतं. त्यात दर जेवणाला पिष्टाची भर पडली, तर आधीच थकलेल्या स्वादुपिंडाला ती झेपत नाही.

कोरड्या दाण्याला आकार धरून ठेवायला स्टार्च लागतोच. तांदूळ, मका, गहू वगळले तर त्यांच्या जागी बटाटा किंवा वाटाणा येतो, त्यामुळे पाकिटावरच्या ‘ग्रेन फ्री’ला भुलू नका. वेट फूडला स्टार्चची सक्ती नसते. त्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं, म्हणजे तेवढ्याच पोटभर खाण्यात कॅलरी कमी जातात. तुमच्या बोक्याचं वजन बघता हा फायदा मोठा आहे. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार दोन्ही नीट जमले, तर काही मांजरांची साखर पुढे इन्सुलिनशिवायही आटोक्यात राहते. सगळ्यांचं असं होत नाही, पण ही संधी सुरुवातीलाच जास्त असते. म्हणून चालढकल करू नका.

प्रश्न : पाउचवर कार्बोहायड्रेट किती ते लिहिलेलंच नसतं. निवडायचं कसं? (पुणे)

उत्तर : वजाबाकी करायची. प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) यांची बेरीज 100 मधून वजा केली की उरतं ते कार्बोहायड्रेट. राख छापलेली नसेल तर पाउचला 2 आणि दाण्यांना 8 धरा. मग कॅलरी काढा : प्रथिनं आणि कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमला साडेतीन, फॅटच्या ग्रॅमला साडेआठ.

समजा, ग्रेव्हीच्या पाउचवर प्रथिनं 10, फॅट 3, फायबर 1, ओलावा 80 आहे. कार्बोहायड्रेट उरलं 4. दिसायला किरकोळ, पण 100 ग्रॅममधल्या सुमारे 75 कॅलरींपैकी 14 त्यातून येतात, म्हणजे जवळपास 19 टक्के. पाटेच्या (एकजीव लगद्यासारख्या वेट फूडच्या) डब्यावर प्रथिनं 11, फॅट 5, फायबर अर्धा, ओलावा 80 असेल, तर हाच आकडा 6 टक्क्यांवर येतो. नेहमीच्या दाण्यांत प्रथिनं 32, फॅट 10, फायबर 4, ओलावा 10 धरले, तर 39 टक्के. मधुमेही मांजरासाठी 12 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहावं. लेबलवरचे आकडे किमान-कमाल स्वरूपाचे असतात, म्हणून हा अंदाजच. पण निवड करायला पुरतो. ग्रेव्ही घट्ट करायला बऱ्याचदा स्टार्चच वापरतात, त्यामुळे ‘ओलं आहे ना, मग चालेल’ असं धरून चालू नका.

प्रश्न : मग उद्यापासून दाणे एकदम बंद करू का? इन्सुलिन चालू आहे. (नागपूर)

उत्तर : कृपा करून नाही. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही कमी होते, कधी कधी दोन-चार दिवसांतच. जुनाच डोस टोचत राहिलात तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आधी डॉक्टरांशी डोस ठरवा, घरी कानाच्या कडेवरून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर साखर बघायला शिका, आणि बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करा. मांजर लडखडलं, गळून गेलं किंवा आकडी आली, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका.

नवं खाणं नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ हा हट्टही नको. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेततं. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा आणि तोवर इन्सुलिनचा पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय टोचू नका.

प्रश्न : आम्ही दोघंही कामाला जातो. इथल्या उकाड्यात ओलं खाणं दिवसभर ठेवता येत नाही. (पणजी)

उत्तर : ठेवूही नका. उन्हाळ्यात तासा-दीड तासात उरलेलं उचला. इन्सुलिन साधारण बारा तासांच्या अंतराने दोनदा असतं. त्या दोन वेळांना वेट फूड द्या. मधल्या वेळेसाठी मधुमेही मांजरांकरता बनवलेले दाणे थोडे ठेवता येतील, पण वजनकाट्यावर मोजून. भरलेली वाटी दिवसभर पडून राहणं बंद.

प्रश्न : घरी उकडलेलं चिकन दिलं तर? आत्तापर्यंत दूध-पोळीवरच वाढलाय. (सांगली)

उत्तर : दूध-पोळी आणि दूध-भात आजपासून कमी करायला घ्या, अर्थात डोसची वरची काळजी घेऊन. उकडलेल्या चिकनमध्ये पिष्ट नसतं, वरचा खाऊ म्हणून उत्तमच. पण नुसत्या चिकनवर कॅल्शियम पुरत नाही, आणि उकडताना टॉरिन (मांसातलं, मांजराला लागणारं पोषकद्रव्य) पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात. रोज घरचंच द्यायचं असेल तर पूरकांसह आहार आखून घ्या. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र चुकूनही नको.

प्रश्न : आमच्या म्हातारीला मधुमेहाबरोबर किडनीचाही त्रास आहे. आता कुठलं फूड? (नाशिक)

उत्तर : इथे दोन पथ्यं एकमेकांविरुद्ध जातात. किडनीच्या खास आहारात फॉस्फरस आणि प्रथिनं कमी ठेवतात, म्हणून पिष्ट वाढतं. किडनीचा आजार पुढे गेला असेल तर सहसा किडनीचं पथ्य आधी पाळतात आणि साखर इन्सुलिनने सांभाळतात. सौम्य असेल तर कमी फॉस्फरसचं वेट फूड शोधता येतं. दोन्ही बाबतींत ओलं खाणंच बरं, कारण दोन्ही आजारांत शरीरातलं पाणी लघवीवाटे जातं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), फॉस्फरस आणि लघवीचे ताजे अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा, त्या अहवालांशिवाय यापुढचं ठरवता येणार नाही.